यमक कोणाच्या बापाचं?

"कॉपी मारली बे यानं!"

यंदाच्या गॅदरिंगमध्ये रॅपच्या राउंडला हे वाक्य पहिल्यांदा कोण बोललं, याचा शोध घ्यायची गरज नाही. मीच बोललो. नुसता बोललो नाही, तर हॉलमध्ये बसल्या बसल्या हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकूनही मोकळा झालो. रात्री मेसमध्ये पोहोचेपर्यंत सेकंड इयर सिव्हिलचा तो बिचारा पोरगा 'झेरॉक्स' या नावाने ओळखला जाऊ लागला होता. आणि नियतीचा न्याय बघा, दुसऱ्या दिवशी कल्चरल कमिटीने चौकशीला तिघे नेमले, त्यात मी! इलेक्ट्रॉनिक्सचे सर हसत म्हणाले, "आरोप तुझा आहे ना, मग सिद्ध कर."

सिद्ध करायला बसलो आणि लक्षात आलं की नक्कल कशी ओळखायची हेच आपल्याला ठाऊक नाही. पुढचे आठ दिवस जे वाचलं, विचारलं, भांडलो, ते इथे मांडतो आहे.

आधी प्रकरण. ऑगस्टमध्ये फ्रेशर्स पार्टीला फायनल इयर मेकॅनिकलच्या एका भाऊने रॅप म्हटला होता. त्यात या ओळी होत्या:

नागपूरची संत्री अन् मुंबईचे मंत्री,
हिवाळ्यात वरात यांची, पोरं आम्ही वाजंत्री.

गॅदरिंगमध्ये सिव्हिलवाल्याने म्हटलं:

गाड्यावर संत्री, गाडीत मंत्री,
लगन लोकाचं, आम्ही फक्त वाजंत्री.

वर दोघांच्याही रॅपमध्ये झिरो माइल आलं. आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर ओरडला नसता? तीन यमकं तीच, त्याच क्रमाने, आणि लग्नाची कल्पनासुद्धा तीच!

माझाही असाच समज होता. तो पहिल्यांदा हलला एका अमेरिकन खटल्यामुळे. व्हिन्सेंट पीटर्स नावाचा एक रॅपर, रंगमंचावरचं नाव व्हिन्स पी. त्याने २००६ मध्ये 'स्ट्राँगर' नावाचं गाणं केलं आणि जॉन मोनोपोली या माणसाला ऐकवलं. हा मोनोपोली कान्ये वेस्टचा मित्र आणि बिझनेस मॅनेजर. त्याच्याकडे गाण्याची प्रतही राहिली. पुढे पैशांची व्यवस्था जमली नाही आणि बोलणी बारगळली. २००७ मध्ये कान्ये वेस्टचं गाणं आलं. नाव? 'स्ट्राँगर'! दोन्ही गाण्यांच्या ध्रुवपदात 'जे मला मारत नाही ते मला बळकट करतं' हा विचार, दोन्हीकडे स्ट्राँगर, लाँगर, राँगर ही यमकं, आणि दोन्हीकडे केट मॉस या मॉडेलचं नाव. व्हिन्स पी कोर्टात गेला.

हॉस्टेलच्या कोर्टात हा खटला पाच मिनिटांत निकाली निघाला असता. शिकागोच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये निकाल दिला तो मात्र कान्ये वेस्टच्या बाजूने. गंमत म्हणजे, कान्येला ते गाणं ऐकायची संधीच नव्हती असं न्यायालय म्हणालं नाही. संधी होती हे त्यांनी धरून चालवलं. मुद्दा वेगळा होता. तो विचार मुळात जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचा, एकोणिसाव्या शतकातला, आणि तेव्हापासून इंग्रजीत म्हणीसारखा फिरतो आहे. तो कोणीही उचलावा. आता ओळीच्या शेवटी स्ट्राँगर आला की त्याला जुळणारे शब्द इंग्रजीत आहेत किती? लाँगर, राँगर आणि अशीच ओढूनताणून आणखी दोन-चार. चौथं यमक मात्र दोघांचं वेगळं निघालं. केट मॉसचं म्हणाल तर ती जगप्रसिद्ध मॉडेल, आणि दोघांनी तिचं नाव वेगवेगळ्या अर्थाने वापरलेलं.

म्हणजे 'किती गोष्टी सारख्या आहेत' हा प्रश्नच चुकीचा. विचारायचं ते हे, की नक्कल न करता सुद्धा ही गोष्ट सारखी येण्याची शक्यता किती होती? प्रॉबॅबिलिटीचा पेपर बॅकमध्ये गेलेल्यांनाही हे कळावं. दहा मुलांच्या उत्तरपत्रिकेत 'दोन अधिक दोन चार' सापडलं तर कॉपीची केस होत नाही.

आता हेच माप संत्रीला लावू. मराठीत '-ंत्री' वर संपणारे नेहमीच्या वापरातले शब्द मोजा. संत्री, मंत्री, वाजंत्री, जंत्री. संपले! तंत्री म्हणजे वीणेची तार, पण हॉस्टेलमध्ये तो शब्द कोण वापरतो? नागपूरचा पोरगा आपल्या गावावर रॅप लिहितो म्हटल्यावर संत्री येणारच. १९५३ च्या नागपूर करारापासून विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरवायचं ठरलं, म्हणून डिसेंबर आला की शहरात मंत्रीच मंत्री. यमक जुळवायला डोकं लावावं लागत नाही, रस्त्यावरून लाल दिव्यांचा ताफा जाताना ते आपोआप जुळतं. (लाल दिवे २०१७ पासून बंद झाले, पण सायरन आहेतच.) मग तिसरा शब्द हवा. उरले वाजंत्री आणि जंत्री. जंत्री आजकाल आजोबांशिवाय कोणी म्हणत नाही. राहिला वाजंत्री. आणि वाजंत्री आला की वरात, लगन, मांडव हे सगळं त्याच्या मागोमाग येतंच, त्यासाठी दुसऱ्याच्या वहीत डोकवावं लागत नाही.

माझा मोठा पुरावा इथेच कोसळला. लग्नाची कल्पना ही चौथी सारखी गोष्ट म्हणून मी मोजत होतो, ती तिसरीचीच सावली निघाली.

मराठीत यमकाला पुरावा मानण्यात आणखी एक अडचण आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे जातो-खातो-गातो, आली-गेली-मेली अशी यमकं व्याकरणच आपल्याला फुकटात देतं. दोन मराठी रॅपरांची अशी यमकं जुळली तर दोघांनाही मराठी येतं एवढंच सिद्ध होतं. 'खोके' आणि 'ओके' हे जुळणं वेगळं. मराठीचा एक शब्द, इंग्रजीचा एक, दोन्हींना एकत्र आणायला कोणाचं तरी डोकं लागतं. पण तिथेही सावध राहावं लागतं. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विरोधी आमदारांनी विधान भवनाच्या पायऱ्यांवर ही घोषणा दिली आणि ती राज्यभर झाली. त्यानंतरच्या कुठल्याही दोन रॅपमध्ये खोके-ओके सापडलं, तर त्यांनी एकमेकांची नक्कल केली असं नाही. दोघांच्याही कानावर तीच घोषणा पडलेली असते. म्हणजे नीत्शेच झाला की हा!

माझा रूममेट गझलवाला आहे. तो म्हणाला, "तुम्ही रॅपवाले ज्यावर भांडता ते आमच्याकडे रीतसर चालतं." गझलेत वृत्त, काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे त्यापुढे येणारे तेच ते शब्द, हे तिन्ही मिळून गझलेची 'जमीन' होते. दुसऱ्याच्या जमिनीवर गझल लिहिणं हा गुन्हा नाही, उलट मुशायऱ्यात आधी एक ओळ देऊन सगळ्यांना त्याच जमिनीवर लिहायला लावतात. आपल्या विदर्भाचे सुरेश भट, जन्म अमरावतीचा आणि पुढचं बरंच आयुष्य नागपूरचं, यांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती याच तांत्रिक गोष्टी शिकवण्यासाठी. जमीन सगळ्यांची, पीक ज्याचं त्याचं. उर्दूवाल्यांकडे तर दोन स्वतंत्र शब्दच आहेत. दुसऱ्याचा शेर चोरला तर 'सरका', आणि दोन शायरांना एकमेकांच्या नकळत तोच खयाल सुचला तर 'तवारुद'. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द, 'ढापलं'.

आणि हे सगळं परकं आहे असंही नाही. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक'मध्ये लिहून ठेवलं आहे की बुद्धिमान माणसांच्या कल्पना एकमेकींशी जुळतात, त्यात नवल नाही. त्या जुळण्याच्या त्याने तीन जाती केल्या. आरशातल्या प्रतिबिंबासारखं जुळणं, चित्रासारखं जुळणं आणि दोन माणसांचे चेहरे जुळावेत तसं जुळणं. पहिली दोन टाळावीत, कारण त्यांना स्वतःचा जीव नसतो. तिसरं चालेल, कारण दोन माणसं सारखी दिसली तरी प्रत्येकाचा आत्मा वेगळा. त्याच्या नंतरचा राजशेखर आणखी बिनधास्त. 'काव्यमीमांसे'त त्याने कवींच्या चोरीवर चक्क प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली आहेत, शब्दांची चोरी वेगळी आणि अर्थाची वेगळी. चोर नाही असा कवी नाही आणि चोर नाही असा व्यापारी नाही, असं तो बेधडक म्हणतो. याच ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात लागतं. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. म्हणजे साहित्याचं सासर-माहेर जे काय असेल ते आपल्याकडचंच, तेव्हा या विषयावर बोलायचा हक्क आपल्याला नाही तर कोणाला!

आनंदवर्धनाचं माप लावलं तर भाऊच्या ओळीत पोरं पुढाऱ्यांची वाजंत्री आहेत, राजकारणाचा राग आहे. सिव्हिलवाल्याच्या ओळीत 'लगन लोकाचं' आहे, म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आपण फक्त वाजवायला. प्लेसमेंटच्या दिवसांत तो शब्द कुठे लागतो हे ज्याला कळतं त्याला कळतं. चेहरा सारखा, जीव वेगळा. (आणि खरं सांगू? दुसरी ओळ जास्त चांगली आहे. भाऊ, माफ करा.)

इथे एक फरक सांगतो, कारण आपल्यातले अर्धे लोक पेटंट आणि कॉपीराइट एकच समजतात. पेटंटमध्ये 'मला हे स्वतःच सुचलं' हा बचाव चालत नाही. दुसऱ्याने आधी पेटंट घेतलं असेल तर तुम्ही गडचिरोलीच्या जंगलात एकटे बसून शोध लावला तरी अडकता. कॉपीराइटमध्ये उलटं. तिथे गुन्हा उचलण्याचा आहे, सारखं असण्याचा नाही. लर्नेड हँड नावाच्या अमेरिकन न्यायाधीशाने १९३६ मध्ये लिहिलं की कीट्सची कविता कधीच न वाचलेल्या माणसाने जादूने तीच कविता पुन्हा रचली, तर तोही तिचा लेखकच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की कल्पनेवर, विषयावर कोणाची मालकी नसते, मालकी मांडणीवर असते. त्यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा १९५६ चा सिनेमा, दोन्हींत प्रांतवादाचा विषय होता, तरी न्यायालयाला नक्कल दिसली नाही.

मग नक्कल कधी ओळखायची? याचं उत्तर आपण सगळे जर्नल सबमिशनला शिकलेलो आहोत. मागच्या सेमला आमच्या बॅचच्या पाच जणांच्या जर्नलमध्ये डीसी मोटरचा स्पीड १४७० च्या जागी १७४० लिहिलेला होता. बरोबर रीडिंग पाचही जणांचं सारखं असतं तर सर काही बोलले नसते, मोटर एकच होती. चूक सारखी होती म्हणून पाचही जण सापडलो. (होय, 'सापडलो'.) बरोबर उत्तराकडे जायचे रस्ते अनेकांना सापडतात, पण तीच चूक, त्याच जागी, त्याच आकड्यात पाच जणांच्या डोक्यात स्वतंत्रपणे येत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. अशा कामातही हे तत्त्व वापरतात. दोन पोथ्यांत तीच चूक असेल तर त्यांचं घराणं एक. अमेरिकेत एका टेलिफोन कंपनीने आपल्या डिरेक्टरीत चार खोटी नावं घालून ठेवली होती. दुसऱ्या कंपनीच्या डिरेक्टरीत १,३०९ नोंदी जुळल्या आणि त्यात ती चार खोटी नावंही होती! कॉपी झाली हे तिथेच उघड झालं. (तरी १९९१ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं की नाव-पत्त्यांच्या यादीवर मालकी नसते. ते असो.)

हे कळल्यावर आम्ही दोन्ही रॅप पुन्हा ऐकले, यमकं सोडून. आणि सापडलं! भाऊची ओळ होती, "तीन घोडे झिरो माइलचे, जाती कुठंच नाही." सिव्हिलवाल्याची, "तीन घोडे झिरो माइलचे, खिशात माझ्या झिरो." आता झिरो माइलच्या खांबाजवळ घोडे चार आहेत. विधान भवनापासून पायी जाऊन मोजून या. वृत्तासाठी केलं म्हणावं, तर 'तीन' आणि 'चार' दोन्ही तीन मात्रांचे, चार कुठेही अडत नव्हतं. गरज नसताना केलेली चूक, दोघांची एकच. मी टेबलावर हात आपटला.

सिव्हिलवाल्याला बोलावलं. तो घाबरलेला. त्याने मोबाइल काढून एक रेकॉर्डिंग ऐकवलं, जूनमध्ये गावाकडच्या मोठ्या भावाला पाठवलेलं. भावाच्या फोनवरही तीच तारीख असल्याचं त्याने तिथेच फोन लावून दाखवलं. त्यात संत्री, मंत्री, वाजंत्री सगळं होतं. फ्रेशर्स पार्टीच्या दोन महिने आधी! कमिटीतली तिसरी मेंबर हळूच म्हणाली, "मग आता त्या भाऊंनी याचं उचललं म्हणायचं का?" मी गप्प. सारखेपणाला दिशा नसते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जो आधी स्टेजवर चढला तो मूळ, असं मी गृहीत धरलं होतं. मेकॅनिकलच्या भाऊंना विचारलं तर ते म्हणाले की ओळी फर्स्ट इयरला लिहिल्या, पण वही हरवली. त्यांच्यावर अविश्वास ठेवायला काही कारण नव्हतं. वर मांडलेला हिशेब त्यांनाही लागू होताच की.

पण जूनच्या रेकॉर्डिंगमध्ये घोडे नव्हते. ते नंतर आले. कुठून?

"कुठून म्हणजे?" पोरगा म्हणाला, "मॅचला जाताना बसमध्ये म्हणतात ना, ते."

आणि मला घाम फुटला. कारण ते मीही म्हटलेलं आहे, गळा बसेपर्यंत! इंटरकॉलेज मॅचला बस सिव्हिल लाइन्समधून जाते तेव्हा झिरो माइल दिसलं की सगळी बस 'तीन घोडे झिरो माइलचे' असं ओरडते, आणि पुढे प्रत्येकजण आपली एक ओळ जोडतो. ती अर्धी ओळ कित्येक वर्षांची आहे. एका पास आउट सिनियरला फोन करून विचारलं की घोडे तीनच का? तो म्हणाला, "अबे, बसच्या खिडकीतून तीनच दिसले आम्हाला!"

सारखी चूक म्हणजे नातं आहे, इथपर्यंत माझं बरोबर होतं. पण नातं बाप-लेकाचंच असेल असं मी धरलं. ते दोघे निघाले एका बसचे भाऊ.

एक गाठ मात्र सुटली नाही. गॅदरिंगमध्ये सिव्हिलवाल्याने 'वाजंत्री' शब्द तीनदा तोडून म्हटला, वा-वा-वाजंत्री, अगदी भाऊंनी ऑगस्टमध्ये म्हटला होता तसा. जूनच्या रेकॉर्डिंगमध्ये तो सरळ म्हटलेला आहे. विचारल्यावर तो म्हणाला, "पार्टीत होतो मी, समोसे वाटत होतो. ऐकलं असेल. मुद्दाम नाही घेतलं." असं होऊ शकतं. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनवर 'माय स्वीट लॉर्ड'च्या चालीसाठी खटला झाला. १९७६ मध्ये न्यायाधीशांनी मान्य केलं की त्याने जाणूनबुजून केलं नाही, जुन्या गाण्याची चाल त्याच्या नकळत मनात राहिली होती. आणि तरीही त्याला जबाबदार धरलं. आमच्या कमिटीत यावर दीड तास भांडण झालं. सरांचं मत होतं की हॅरिसनचं आख्खं गाणं त्या चालीवर उभं होतं, इथे एक शब्द म्हणायची लकब आहे, आणि लकबी हॉस्टेलमध्ये खोकल्यासारख्या पसरतात. मला ते पटलं. तिसऱ्या मेंबरला पटलं नाही आणि तिने तसं रिपोर्टमध्ये लिहिलं.

दोन विरुद्ध एक मतांनी नक्कल नाही असं ठरलं. दुसरा नंबर कायम राहिला. रिपोर्ट मेसच्या बोर्डवर लावला, तो बहुतेकांनी मेनू समजून वाचला. ग्रुपवर मी माझ्या जुन्या मेसेजच्या खालीच चूक कबूल करणारा मेसेज टाकला. पहिल्याला एकशे चाळीस हसरे चेहरे मिळाले होते, दुसऱ्याला सहा. परवा मेसमध्ये कोणीतरी त्याला पुन्हा 'ए झेरॉक्स, पोळी पास कर' म्हणालं. त्याने पोळी पास केली.